शालनबाईंचं खोटं

आमच्या पिंपरीच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. नियम साधा आहे. कुणाबद्दल मनात राग असेल तर आधी समेट करायचा, मगच भाकर घ्यायची. तो आम्ही कसा पाळतो ते विचारू नका. मी शाळेत जन्मभर मुलांना शिस्त शिकवली, पण माझ्या जावेशी अकरा वर्षं बोलत नाही आणि भाकर बिनदिक्कत घेते. माझ्या शेजारी बसणाऱ्या शालनबाई मात्र नऊ वर्षं भाकर न घेता नुसत्या हात जोडून बसल्या.

त्या नगरकडच्या. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून त्यांनी एकुलत्या एका मुलाला, प्रज्वलला, वाढवलं. तो चाकणला कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर लागला. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर असतो. त्याने काम सारखं अडतं म्हणून लाइन लीडरने त्या दिवशी तो बंद करून ठेवला. टार्गेट गाठायचं होतं. अडकलेला पत्र्याचा तुकडा काढायला प्रज्वल आत वाकला आणि प्रेस खाली आला. बावीस वर्षांचं पोर गेलं.

लाइन लीडर आमच्याच मंडळीतला ज्ञानदेव. प्रज्वलला नोकरीही त्यानेच लावून दिली होती. त्यानंतर दर पहिल्या रविवारी तो दाराशी उभा राहून म्हणायचा, "मावशी, क्षमा करा." शालनबाई मान खाली घालून पुढे जायच्या. मग तोही भाकर घ्यायचा नाही. बायका त्यांना म्हणायच्या, "तोंडाने म्हणून टाका की, काय बिघडतं?"

"मनात न्हाई ते देवाम्होरं कसं बोलू?" शालनबाई म्हणायच्या. मला त्यांचा रागही यायचा आणि स्वतःची लाजही वाटायची.

यंदा ज्ञानदेवचं यकृत कामातून गेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पाळकसाहेब भाकर घेऊन त्याच्या सांगवीच्या घरी गेले, तर त्याने तोंड फिरवलं. "मावशींनी क्षमा केली नाही. मला कसं चालेल?" किती समजावलं तरी ऐकेना. शेवटी त्याची बायको साधना रडत शालनबाईंकडे आली. त्या तिच्याबरोबर सांगवीला निघाल्या, सोबतीला मीही गेले.

शालनबाई खाटेशी बसल्या. त्याचे सुजलेले पाय त्यांनी हलकेच चाचपून पाहिले.

"ज्ञानदेवा, म्या तुला क्षमा केली. कवाच केली. घे, लेकरा."

पाळकसाहेबांच्या हातातला तुकडा द्राक्षरसात भिजवून त्यांनीच त्याला भरवला. तो हमसून हमसून रडला. तिसऱ्या दिवशी गेला.

पुढच्या पहिल्या रविवारी मी शेजारची जागा धरून ठेवली. त्या आल्याच नाहीत. दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले, तर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"बाई, म्या खोटं बोलले. त्याला बघितलं आन् पोरगंच डोळ्यांम्होरं आलं. राग तसाच व्हता. पर त्यो उपाशी चालला व्हता."

मी त्यांच्याजवळ बसले. "अहो, ज्याच्यावर राग आहे त्याच्यासाठी कुणी एवढं करतं का? हीच क्षमा, शालनबाई."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "तुमी शिकलेल्या. मला फकस्त येवढं सांगा. आता ह्या खोट्याची क्षमा मागाया त्याच्याकडं कशी जाऊ?"