जास्तीची पुडी

गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी दिलेली ड जीवनसत्त्वाची पुडी आज दुधात टाकली आणि तिच्या गोडसर वासाबरोबर चंदीगडजवळच्या झिरकपूरचा आमचा पहिल्या मजल्यावरचा, उन्हाला पारखा फ्लॅट आठवला. मला तेव्हा सहावा महिना होता आणि सगळ्यात वर राहणाऱ्या पंजाबी शेजारणीलाही. थंडीत ती रोज आपल्या गच्चीवर किन्नूची संत्री सोलत बसायची आणि तिची सासू तिच्या पायांना मोहरीचं तेल चोळायची. माझी आई नागपुरात होती, आणि समोरची इमारत माझं ऊन अडवून उभी होती. तपासणीत माझं ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. आमच्या मराठी डॉक्टरीणबाईंनी पुड्या लिहून दिल्या आणि बजावलं, "आठवड्याला एकच." घरी येताना जिन्यात शेजारीण भेटली, माझ्या हातातला रिपोर्ट बघून म्हणाली, "आपका कम आया? मेरा तो एकदम ठीक है जी." मी हसले, पण रविवारी एक पुडी घेतलेली असताना मंगळवारी दुसरी घेतली. ग्लास रिकामा झाल्यावर मात्र घाबरले, आणि बुधवारी सकाळीच दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "एका पुडीने बाळाला काही होणार नाही, पण हे अंगात साठत जातं. पुढच्या रविवारी घेऊ नका," त्या म्हणाल्या, आणि मग विचारलं, "एवढी घाई कसली झाली होती?" घरी येऊन मी कॅलेंडरातल्या पुढच्या रविवारवर फुली मारली. आता लेक शाळेत जाते, आम्हीही चंदीगडच्या एका सेक्टरातल्या, उन्हाच्या घरात आलो. शेजारीण अजून फोनवर फोटो पाठवते, आणि मी तिच्या चेहऱ्याच्या आधी तिच्या अंगावरचं ऊन बघते.