अंबुजाअक्कांनी पाडायला लावलेली भिंत

अंबुजाअक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात होतो. अड्यारला पोचेपर्यंत त्यांना न्यायची तयारी झाली होती... त्यालाही आता महिना होऊन गेला. तंजावरकडच्या मराठी घरातल्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या अक्का आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एकट्या राहत. मी नाशिकहून इथं चेन्नईत नवा आलो तेव्हा जिन्यात त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही मराठे काय? मग घरांत या की." त्यांची मराठी तमिळ चालीवर चढायची-उतरायची. माझी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखी वाटायची.

पूर आला त्या वर्षी पावसाचं पाणी मागच्या वस्तीत तुंबलं. नदीकडे जायची त्याची वाट आमच्या कंपाउंडच्या भिंतीनं अडवली होती. दुपारी महापालिकेच्या इंजिनिअरबाई जेसीबी घेऊन आल्या, भिंत पाडावी लागेल म्हणाल्या. आमचे सेक्रेटरी लेखी हुकूम मागू लागले. पाणी आधी तळमजल्यात शिरेल, एकट्या अक्कांचं काय, असं त्यांचं म्हणणं... आणि ते खोटंही नव्हतं. अक्का छत्री घेऊन बाहेर आल्या. "काळजी माझ्या घराची ना? मग मीच सांगते," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "पाडा. हुकूम येईपर्यंत ती माणसं बुडतील." जेसीबी भिंतीला भिडला.

मी त्यांच्या खोलीकडे धावलो. आईकडून आलेली त्यांची वीणा तिथं होती. अक्कांनी मला दारातच थांबवलं. "वीणा राहूं दे. पहिलं त्या बाळंतिणीला वर ने." वस्तीतली सेल्वी तान्हं बाळ छातीशी धरून फाटकात उभी होती. तिला गच्चीवर पोचवून परतलो तोवर खोलीत गुडघाभर पाणी होतं. संध्याकाळी पालिकेचा तांदूळ आला. सेक्रेटरींनी स्वतःचा सिलिंडर वर चढवला, आणि वस्ती नि सोसायटी एकाच गच्चीवर जेवली. सकाळपर्यंत वस्तीतलं पाणी उतरलं. वीणेचे सांधे मात्र सुटले ते सुटलेच. "वाईट वाटतं का?" मी एकदा विचारलं. "वाटतं की. आईची होती," त्या म्हणाल्या. एवढंच.

भिंतीच्या जागी पालिकेनं पुढं रुंद गटार काढलं, त्यावर जाळी बसवली. दर वर्षी नवरात्र संपलं की, इथला मोठा पाऊस सुरू व्हायच्या आधी, अक्का इंजिनिअरबाईंना फोन करायच्या. पालिकेची माणसं गाळ उपसायची, वस्तीतली नि आमची मंडळी जाळी मोकळी करायची आणि अक्का सगळ्यांना कॉफी पाजायच्या. यंदा हे कोण करणार, असं मनात यायचं... गेल्या रविवारी खाली आवाज आले म्हणून डोकावलो. इंजिनिअरबाई उभ्या होत्या. सेल्वी जाळीतला कचरा ओढत होती, आणि सेक्रेटरी कॉफीचे पेले भरत होते. मला बघून सेल्वी म्हणाली, "या सर, या. आज उशीर केलात."

मी पँट दुमडली आणि खाली उतरलो.