नाकमास्तर

घानातल्या कुमासी शहरात, सुआमे मॅगझिन नावाच्या गॅरेजांच्या भागात, अख्खी वस्तीच मोटारींची आतडी उसवून बसलेली असते. तिथे बेदियाकोला सगळे नाकमास्तर म्हणत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गाडी आली की तो तेलाची पट्टी बाहेर ओढायचा, थेंब तळहातावर चोळायचा आणि हुंगायचा. करपट वास आला तर बॉक्स खोलायचा, नाहीतर नुसतं तेल बदलायचं. त्याचा निकाल कधी चुकला नव्हता, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगत फिरायचा.

यंदा सहाराकडून येणाऱ्या हरमटान वाऱ्याच्या धुळीत तो तापाने पडला. उठला तेव्हा नाक जागेवर होतं, वास मात्र गेला होता. त्याने कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तेव्हापासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. पुसलेलाच पाना तो पुन्हा पुसत बसायचा.

आज फ्रेमा मॅडम घाईघाईने आल्या. "मास्टर, आईला हॉस्पिटलातून सोडतायत. माम्पाँगचा घाट चढून घरी न्यायचीय. पण चढ आला की इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी पुढे सरतच नाही!"

बेदियाकोने पट्टी ओढली. मॅडमनी कालच कुणाकडून तरी नवं तेल ओतून घेतलं होतं, त्यामुळे रंग लालभडक. रंगावरून काही कळेना. थेंब तळहातावर चोळून त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"हुंगतोस की जेवतोस?" शेजारचा वेल्डर ओरडला. सगळे हसले.

"काही करपलेलं नाही," बेदियाको म्हणून गेला. "तेल कमी पडलं होतं, आता पुरेसं आहे. जा खुशाल." म्हणाला आणि त्याने पुसलेलाच पाना पुन्हा हातात घेतला.

तेवढ्यात त्याची बायको पोकुआ जेवण घेऊन आली, पानांत गुंडाळून उकडलेले मक्याचे गोळे, म्हणजे केंके, आणि मासे. तिने त्याच्या हाताकडे पाहून नाक मुरडलं. "ई! काय हे? रविवारी माझा शेंगदाण्याचा रस्सा करपला होता, अगदी तसाच वास!"

"करपला होता?"

"मग काय! आणि तुम्ही फर्मास म्हणून दोनदा मागून घेतलात. मला वाटलं, माझं मन राखताय." ती बोलता बोलता थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

मॅडमनी गाडी सुरू केली. घाट, मागच्या सीटवर आजारी म्हातारी, नुसतंच बोंबलणारं इंजिन, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तो धावत जाऊन बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"उतरा, मॅडम! बॉक्स आतून जळलाय. आईला टॅक्सीने न्या."

"आत्ता तर म्हणालात..."

"मला वास येत नाही," तो मोठ्याने म्हणाला. सगळ्या मॅगझिनने ऐकावं इतक्या मोठ्याने. वेल्डर आता हसला नाही.

मॅडम टॅक्सी शोधायला गेल्या. बेदियाको लाकडी ठोकळ्यावर बसला. किती दिवसांनी तो असा निवांत बसला होता.

पोकुआने केंके सोलून त्याच्यापुढे ठेवलं. "म्हणजे रविवारचं ते फर्मास..."

"गरम होतं," तो म्हणाला. "आणि तू समोर बसली होतीस."