ठिबक आल्यावर दारं कुणी धरायची?

लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, आमच्या मामांना, म्हणजे सासऱ्यांना, शेतात एकच काम मनापासून आवडायचं: दारं धरणं. खांद्यावर फावडं टाकायचं, मोसंबीच्या एका आळ्याचं दार फोडून पाणी आत घ्यायचं, ते तुडुंब भरलं की दार बुजवून पुढचं फोडायचं. आळ्यात पाणी डोळ्यांना दिसल्याशिवाय झाड प्यालं हे त्यांना पटायचंच नाही.

मग विहीर उन्हाळ्यात जेमतेम दीड तास चालायला लागली आणि मी हट्टानं ठिबक बसवलं. पहिल्याच दिवशी झाडाखालची ताटाएवढी ओल बघून मामा म्हणाले, "पाणी पाजायलीस का डोळ्यात औषध सोडायलीस?"

"मामा, मुळाला लागतंय तेवढंच जातंय. आता दारं न्हाईत," मी म्हणाले. तेव्हा मी लई शहाणी होते.

एप्रिलात वरच्या अंगाची झाडं पानं मुरडायला लागली, बारीक फळं गळायला लागली. मोटार दीड तासाच्या आधीच हवा ओढायची. बाग वाळली तर पुन्हा उभी करायला वर्षं जातात, म्हणून मी खरंच घाबरले. फिल्टर धुतला, जोड तपासले, आणि काही सापडेना म्हणून वड्याचं तेल वांग्यावर काढत नवऱ्यावर ओरडले.

एक दिवस मामा जेवायला आले आणि ओसरीवर बसताना पाय धोतरात ओढून घेतले. चोराच्या मनात चांदणं. ठिबकाच्या रानात चपलेला धूळ लागते, मामांचे पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"मामा, ह्यो चिखल कुठला?"

ते भाकरी कुस्करत राहिले. मग म्हणाले, "शेवटच्या झाडाची नळी सोडतो रोज जराशी. पाणी पळताना दिसलं की बरं वाटतं. दारं न्हाईत म्हणालीस, मंग मी कशाला हाय?"

म्हणजे पाणी तिथून वाहून जात होतं आणि वरची झाडं कोरडी राहत होती. भांडायची सगळी तयारी होती माझी, पण मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "आपलं पाणी क्षाराचं, थेंब पडायची भोकं बुजतात. एवढ्या झाडांखाली वाकून बघणं माझ्यानं होत न्हाई. तुमी बघा."

तेव्हापासून मामा रोज झाडाझाडाखाली तळहात धरतात. फावडं खांद्यावर असतंच, त्याचं तिथं काहीएक काम नाही. संध्याकाळी मला सांगतात, सातव्या ओळीतलं चौथं झाड तहानलंय. त्याला मी सकाळीच वरवर बघून ठीक म्हटलेलं असतं.

"शिकलेली हायस ना तू?" ते विचारतात.

वरची दोन झाडं गेली, बाकी बाग तगली. परवा शेजारीण मामांची चौकशी करत आली.

"दारं धरायला गेलेत," मी म्हणाले.