चढावर पायडल मारलं कुणी?

आधीच कबूल करते, हे सदर मी नियमित वाचते, पण हसायला वाचते. रागावू नका. एकतीस वर्षं मिरजेच्या शाळेत गणित शिकवलंय मी. "सिद्ध करा" हे दोन शब्द माझ्या तोंडातच बसलेत. कुणाला विहिरीवर हिरव्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या मागं पैंजण वाजतात... मला आजवर कुणीही दिसलेलं नाही. दिसलं असतं तर मी आधी त्याला "वहीला कव्हर का नाही?" म्हणून विचारलं असतं.

त्यामुळे माझ्या अनुभवात रात्र नाही, अमावास्या नाही, ओसाड बंगला नाही. सकाळचे पावणेआठ, लख्ख ऊन, पोटात दोन इडल्या आणि एक वडा. ठिकाण म्हैसूर. भूतसुद्धा नाही बहुतेक. पण जे झालं ते झालं, आणि दोन वर्षं होत आली तरी माझं गणित काही सुटत नाही.

माझी धाकटी बहीण वसू लग्न होऊन म्हैसूरला गेली. तिच्या सासरचे मराठीच, पण कित्येक पिढ्या तिथलेच. टेलरिंगचं दुकान, देवघरात विठ्ठल, आणि बोलणं असं की वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं. वसूचंही आता तसंच झालंय. तिची मुलगी काव्या तर मराठीच्या चार डझन शब्दांवर संसार करते! मला ती "दोड्डम्मा" म्हणते, म्हणजे मोठी आई. आईच्या थोरल्या बहिणीला तिकडे असंच म्हणतात. या पोरीनं चांगली कंपनीतली नोकरी सोडून सायकल टूर सुरू केली. सकाळी सकाळी पाहुण्यांना सायकलवर बसवायचं आणि जुनं म्हैसूर दाखवायचं.

आता खरं दुखणं सांगते. म्हैसूरच्या त्या सकाळच्या तीन वर्षं आधी आमची आई गेली. अकरा दिवस दवाखान्यात होती. वसूचं गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं आदल्या आठवड्यात झालेलं. मी ठरवलं, तिला कळवायचं नाही. उगीच धडपडत येईल आणि पाय घेऊन बसेल. आई बरी होईलच, मग सांगू. आई बरी झाली नाही. सगळं आटोपल्यावर वसू वॉकर घेऊन दारात आली आणि एवढंच म्हणाली, "अक्का, फोन तुझ्याच हातात होता ना?"

त्यानंतर आमच्यात दिवाळीचा एक मेसेज, बास. मीही ताठ. तिच्या भल्यासाठीच केलं की मी! मी का माफी मागू?

शेवटी काव्यानंच घाट घातला. "दोड्डम्मा, माझी टूर तुम्ही बघितलीच नाही. या, नाहीतर मी कट्टी." गेले. तीन दिवस झाले. वसूनं पाहुणचारात काही कमी केलं नाही, पण बोलणं म्हणजे "चपाती वाढू?" आणि "गरम पाणी काढलंय." हॉटेलात यापेक्षा जास्त बोलतात. पाचव्या दिवशी संध्याकाळी माझी परतीची गाडी. मला मनातून कळत होतं, या खेपेला अशीच परत गेले तर पुन्हा त्या दारात पाय टाकायची हिंमत मला होणार नाही. मी एकसष्ट, ती सत्तावन्न. रुसायला अजून किती वर्षं शिल्लक होती आमच्याकडे? पण तोंड उघडेल तर शपथ.

चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला काव्यानं आम्हाला गोकुलमला नेलं, तिच्या सायकली तिथं असतात. पाहुणा एकच होता, योग शिकायला आलेला उंचच्या उंच मार्टिन. त्याला एक सायकल, काव्याला एक. आणि आमच्यापुढं तिनं आणून उभी केली... टँडम! एकच लांब सायकल, दोन सीट, दोन हँडल, पायडलच्या दोन जोड्या.

"तुम्ही front, अम्मा back," कार्टी हसत म्हणाली. "वेगळी सायकल खाली नाही."

मागं सहा सायकली भिंतीला टेकवलेल्या मला स्पष्ट दिसत होत्या.

टँडमची एक गंमत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पायडलच्या दोन्ही जोड्या एकाच साखळीनं बांधलेल्या. एकीनं जोर लावला की दुसरीचे पाय आपोआप फिरतात. म्हणजे जोर कोण लावतंय आणि फुकट कोण फिरतंय, ते बाहेरून कळत नाही.

मला बघताक्षणी आमची बादली आठवली. लहानपणी आम्ही भांडलो की आई ओरडायची नाही. पाण्याची एक मोठी बादली भरून द्यायची, कडी दोघींच्या हातात, आणि नळापासून वर घरापर्यंत बावीस पायऱ्या. खाली ठेवायची नाही, सांडायची नाही. मग झक मारत बोलावंच लागायचं. "हळू गं", "थांब", "हात बदलू दे." वर पोचेपर्यंत भांडण कशावरून होतं तेच विसरलेलं असायचं.

पण आता आई नव्हती, आणि आम्ही बोलत नव्हतो. निघालो. बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत फुलांचे ढीग, टांग्याचे घोडे, राजवाड्याच्या लांबच लांब भिंतीला वळसा. काव्या काय काय सांगत होती, मार्टिन माना डोलावत होता. आमचं वेगळंच चाललेलं. मी न सांगता वळले की मागून आवाज, "काव्या, तुझ्या दोड्डम्माला सांग, निधान. हळू म्हणावं." मग मी पुढून, "काव्या, तुझ्या आईला सांग, पायडल मारल्यानं झिजत नाही माणूस!" कारण मला मागून काडीचा जोर जाणवत नव्हता. सगळं धूड मीच ओढत होते. नजरबादला इडली खाल्ली तेव्हाही आम्ही दोघी मार्टिनशीच बोललो. बिचारा एकदा इकडं बघे, एकदा तिकडं.

नजरबाद सोडलं की चामुंडी टेकडीच्या पायथ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक चढ लागतो. फार उभा नाही, पण लांब. आम्ही पुढं, काव्या आणि मार्टिन मागं. चढाच्या तोंडाशी माझं डोकं सणकलं. मीच का म्हणून? तेव्हा सगळं मीच केलं, दवाखाना मी, रात्री मी, आणि वर बोल लावून घ्यायचे मीच? ओढ म्हटलं आता तू! आणि मी पाय सैल सोडले. नुसते ठेवले पायडलवर.

सायकल मंदावली. डुगडुगली. आणि मग माझे पाय पायडलनं अलगद उचलले. गोल, गोल, एका लयीत. चालत्या माणसाला मागं टाकील इतपत वेगानं आम्ही वर जाऊ लागलो.

सुरुवातीला मजा वाटली, खोटं कशाला सांगू. बसले ऐटीत. मग वळण आलं, चढ वाढला, तरी लय तीच. आता मला तिचा गुडघा आठवायला लागला. ऑपरेशन झालेला पाय, आणि ही बाई मला ओढतेय, आणि तोंडातून हूं की चूं नाही... तरी पाय सैलच ठेवले. इतकी मी हट्टी.

माथ्यावर शहाळ्याची गाडी होती. थांबलो. वसू उतरली, न विचारता एक शहाळं घेतलं आणि माझ्यापुढं धरलं.

"घे अक्का. अय्यो, एवढा चढ मला एकटीनं ओढून आणलंस. या वयात. मी मागं बसून बघत होते तुझी पाठ..." तिचे डोळे भरलेले होते.

इतक्या वर्षांतलं ते तिचं माझ्याशी पहिलं अख्खं बोलणं. आणि ते चुकीच्या हिशेबावर! क्षणभर वाटलं, घ्यावं श्रेय, गप्प बसावं, समेट तर होतोय. पण गप्प बसूनच तर मागचं सगळं झालं होतं.

"वसू, मी नाही ओढलं. चढाच्या सुरुवातीलाच पाय सोडले मी. मुद्दाम, रागानं. तूच ओढलंस गं, त्या गुडघ्यानं." आणि एकदा तोंड उघडल्यावर मग थांबता येईना. "तेव्हाही मीच ठरवलं. आईनं दोनदा विचारलं, वसू कुठाय म्हणून. मी येतेय म्हणून सांगितलं तिला. तुझं मी ठरवायला नको होतं. चुकलं माझं."

"दोनदा विचारलं?"

"दोनदा."

ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही. शहाळेवाला कोयता हातात धरून बघत राहिला. मग वसूनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "पण अक्का, मी कुठं ओढलं? गुडघा कटकट वाजायला लागला म्हणून मी पाय काढून दांड्यावर ठेवले होते. चढ लागायच्या आधीच. सुम्ने बसले होते मी."

सुम्ने म्हणजे नुसतीच, उगीच.

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं, दोघींनी सायकलकडं. तेवढ्यात काव्या आणि मार्टिन धापा टाकत पोचले. मार्टिन पहिलं काय म्हणाला असेल? की या सायकलला बॅटरी कुठं बसवलीय. मागच्या बाईंचे पाय वर होते, हे त्यानं स्वतःहून सांगितलं, आम्ही विचारलं नव्हतं. आणि माझ्या मनगटावर मुलानं दिलेलं ते नाडी मोजणारं घड्याळ होतं. चढभर माझी नाडी ब्याऐंशी. खुर्चीत बसून भाजी निवडताना असते तेवढी.

आता तुमचे प्रश्न, कारण तेच मलाही पडले. बॅटरी? सायकल उलटी करून बघितली, तीनदा. साखळी, पायडल आणि वंगण, बाकी काही नाही. वारा? झाडाचं पान हलत नव्हतं. मागून कुणी ढकललं? मागचे दोघे शंभर पावलं लांब होते. चढ दिसतो पण असतो उतार, असे रस्ते असतात म्हणे. त्यासाठी दुसऱ्या दिवशी लिंबू घेऊन गेले. (घाबरू नका, उतार मोजायला!) लिंबू रस्त्यावर ठेवलं, ते गडगडत खाली नजरबादच्या दिशेनं गेलं आणि एका स्कूटरखाली शहीद झालं.

परतीचं तिकीट रद्द केलं होतं, हे सांगायला नकोच. प्रयोग पुन्हा करून बघायचा होता ना. त्याच जागी, तीच सायकल, दोघी बसलो. काव्यानं धक्का दिला, आम्ही पाय सैल सोडले. सायकल चार हात गेली, थबकली, मागं आली आणि आम्ही दोघी शेजारच्या गवतात! माझं कोपर सोललं, वसूच्या केसांत काटे. काव्या "अम्मा! दोड्डम्मा!" करत धावत आली आणि आम्ही दोन म्हाताऱ्या पोट धरधरून हसतोय.

तिथंच गवतात बसून वसू म्हणाली, "अक्का, बादली आठवते?"

"न आठवायला काय झालं? हाताला घट्टे पडलेत."

"शेवटच्या पायऱ्यांना हलकी व्हायची, अल्वा? हो की नाही?"

"व्हायची. तू जोर लावायचीस म्हणून." लहान होती, पण शेवटी दम काढायची, हे मी मुलांनाही सांगत आलेय.

"मी? मला वाटायचं तूच. मग एकदा मी मागं वळून बघितलं." वसूनं केसांतला एक काटा उपसला. "आई होती. वाकून, बादलीच्या बुडाला हात लावून आपल्या मागं मागं चढत होती. मला बघून तोंडावर बोट ठेवलं तिनं. अक्काला सांगू नको म्हणून."

पन्नास वर्षं ही बाई हे पोटात ठेवून होती. पन्नास! मी म्हटलं, "वसू, हा काही पुरावा होत नाही."

"पुरावा कोण मागतंय?" ती म्हणाली आणि माझ्या कोपराला थुंकी लावली, आई लावायची तशी.

मी अजूनही मानत नाही. वसू मानते. काव्या सगळ्या पाहुण्यांना ही गोष्ट सांगते आणि दर वेळी चढ थोडा वाढवते. तुमच्यात कुणी सायकलवाले, भौतिकशास्त्रवाले असतील तर खाली जरूर लिहा, पण आधी लिंबू लावून बघा आणि मग बोला.

आता वर्षातून दोनदा मी म्हैसूरला जाते. गेलं की एक सकाळ टँडमची, त्याच रस्त्यानं. वसूचा गुडघा आता बरा आहे. आणि दर वेळी, त्या चढावर, मी गुपचूप पाय सैल सोडून बघते. सायकल लगेच जड होते, डुगडुगते. मी मागं वळून बघते. मागं वसूच असते, लालबुंद, घामाघूम, दातओठ खात पायडल मारणारी.

"अक्का! सोडलेस ना पाय परत? मार की गं!"

मग मी मारते.