दोन राखणदारांचं भांडण

कारभारी भाऊंनी मला सांभाळलं, हे आधी सांगते. पुढचं सांगताना माझा धीर सुटतो, तेव्हा हे राहून जायला नको.

दहावी अर्धवट टाकून मी गोंदियाकडून इथं आले, मुकुंदवाडीत खोली घेतली आणि एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत माहिती भरायच्या कामाला लागले. भाऊ तिथले इंजिनिअर, करमाडहून मोटारसायकलवर येणारे. प्रोग्रामच्या चाचण्या चालवायला मला त्यांनीच शिकवलं. चाचणी नापास झाली, पडदा लाल झाला, की सगळे पडद्यावरची शेवटची ओळ वाचायचे. भाऊ बोटाने वर वर सरकत पार पहिल्या ओळीपर्यंत जायचे. "ताई, शेवटाला सगळेच रडत्यात. पयली बोंब कुणी मारली ते बघ."

आमचा प्रोग्राम दवाखान्यातला औषधाचा पंप चालवणारा. तो मेमरी नीट वापरतो का, हे पाहणारी दोन साधनं होती. एक प्रोग्राम बनवतानाच त्याच्या आत बसवायचं. दुसरं बाहेरून त्याच्यावर नजर ठेवायचं. गिऱ्हाइकाला खात्री हवी म्हणून साहेबांनी फर्मावलं, दोन्ही एकदम लावा. मी लावली. सगळ्या चाचण्या लाल. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, शाळा सोडलेल्या पोरीच्या हाती काम दिलं की हेच होणार, उद्यापासून येऊ नको.

भाऊ पहिल्या ओळीपर्यंत गेले. "साहेब, चूक तिची नाय, तुमच्या हुकुमाची हाय. एका मळ्यात दोन राखणदार सोडले, ओळख न करून देता. ते चोर सोडून एकमेकालाच धरून बसले."

आतल्या साधनाने मेमरीत स्वतःसाठी अडवलेली जागा बाहेरच्याला घुसखोरी वाटत होती, एवढंच. भाऊंनी प्रोग्राम दोनदा बनवला आणि दोन्ही साधनं वेगवेगळी चालवली. वेळ दुप्पट लागला, पण लाल निवळलं आणि माझी नोकरी राहिली. एक चाचणी मात्र दोन्हीकडे लालच राहिली. ती खरी चूक होती. पंप बराच वेळ चालला की मेमरी संपत जायची आणि तो मध्येच थांबायचा.

साहेबांना माल पाठवायची घाई. तेही भांडणच समजा, ती चाचणी वगळा, म्हणाले. भाऊ म्हणाले, "नाय जमायचं. त्या पंपाला कुणाचं तरी लेकरू लावलेलं राहील."

साहेबांनी ती चाचणी वगळलीच आणि भाऊंचा करार वाढवला नाही. मीही निघते म्हटलं, तर रागावले. "गप ऱ्हा इथंच. तुला बिगर दहावीच्या कागदाची कोण दारात उभी करंल? मला करत्याल."

अजून त्यांनाही कुणी दारात उभं केलेलं नाही. फोन केला की आधी विचारतात, ती चाचणी लावली का. साहेब बघतायत, म्हणते मी.

आता दोन्ही साधनं बंद आहेत. भांडण मिटलं, असं साहेब सांगतात. पडदा सगळा हिरवा असतो. पंप दवाखान्यांत गेलेत.

भाऊ, माझ्या शब्दाला इथं कधी वजन येईल असं आज तरी वाटत नाही. पण आलंच, तर ती वगळलेली चाचणी आधी लावीन आणि तुम्हाला न्यायला स्वतः करमाडला येईन. तुमचं एवढं फेडायचं आहे.