लोतोंगची धाप

पालिंगीचा कान म्हणजे अख्ख्या गावाचा कान. रेडा पाण्यात लोळेनासा झाला, चढणीवर खोकू लागला, की लोक त्याला बोलावत. तो आधी नाक बघे. सकाळी नाकावर बारीक थेंब हवेत. कोरडं असलं किंवा चिकट पाझर असला, तर काहीतरी बिघडलंय. मग पोट भात्यासारखं हलतंय का ते बघे. शेवटी बरगड्यांना कान लावे आणि काय ते तोंडावर सांगून मोकळा होई. खोटा धीर द्यायचा त्याचा स्वभाव नव्हता.

त्याची बायको सेसा मधल्या खोलीत आजारी होती. म्हणजे गाव तसंच म्हणे. तिचा श्वास थांबून चौदा महिने झाले होते, देह औषधं टोचून घरातच जपला होता, पण अंत्यविधीचा पहिला रेडा कापला जाईपर्यंत तोराजा लोकांत माणूस आजारीच असतो. पालिंगी रोज तिच्या उशाशी कॉफी नि भात ठेवी आणि दिवसभराचं सांगत बसे. मुलगी दामारिस दूर मकास्सर शहरात, नातवंडंही तिकडेच. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

अंत्यविधीला भातकापणीनंतरचा दिवस ठरला होता. पहिला कापायचा तो काळा रेडा लोतोंग; त्याला सेसानं स्वतःच्या हातानं वाढवलं होतं. मेल्यावर पलीकडे जाईन ती ह्याच्याच पाठीवरून, असं तिनं बजावून ठेवलेलं.

पाच आठवडे उरले असताना एका सकाळी लोतोंगचं नाक कोरडं दिसलं. पुढचे पाय फाकवून, मान ताणून तो हवा ओढत होता. पालिंगीनं कान लावला. आत खरखर होती. छाती धरली होती, यात शंकाच नव्हती. आणि त्याच वेळी त्याच्या मनात आलं, हा मेला तर विधी वर्षभर पुढे जाईल. सेसा आणखी एक वर्ष घरात राहील.

शेजारच्या रांबूनं कुंपणावरून विचारलंच, "काका, लोतोंग चिखलात उतरत नाही तो?"

"ऊन लागलंय त्याला."

रांबूनं मान डोलावली. पालिंगीच्या बोलण्यावर शंका कोण घेणार? दोन दिवस असेच गेले. त्या दोन दिवसांत त्यानं सेसाला लोतोंगबद्दल चकार शब्द सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी लोतोंग तोंड उघडून श्वास घेऊ लागला. हा आवाज पालिंगीच्या ओळखीचा होता. शेवटच्या पंधरवड्यात सेसा अशीच घरघरत होती आणि तो म्हणाला होता, सर्दी आहे, आलं घे. गावभरच्या जनावरांच्या छातीला कान लावणाऱ्यानं बायकोच्या छातीला तो एकदाही लावला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तसाच अनवाणी सडकेपर्यंत गेला आणि गुरांच्या डॉक्टरला घेऊनच परतला.

पाच दिवस इंजेक्शनं चालली. सहाव्या सकाळी लोतोंगच्या नाकावर थेंब उभे राहिले. दामारिसचा फोन आला, तेव्हा त्यानं रेडा बरा झाल्याचं सांगितलं.

"म्हणजे दिवस तोच ना, बाबा? एकदा आई मार्गी लागली, की तुम्हीही मोकळे."

तो हो म्हणाला. मग आत जाऊन सेसाजवळ बसला.

"दोन दिवस मी मुद्दाम गप्प बसलो होतो," तो म्हणाला. "तुला धाडायचं नव्हतं गं मला."

मग विळा घेऊन बांधावर गवत कापायला गेला, कारण लोतोंग आता पोटभर खाऊ लागला होता.